दोन आवर्तनांमधील दिवस

कर्करोगाचा रुग्ण आपल्या चिकित्सालयात केमोथेरपीच्या दिवशी येत नाही. तो येतो चौथ्या किंवा पाचव्या दिवशी. रुग्णालयातून घरी येऊन तीन रात्री उलटलेल्या असतात, फोडणीचा वासही सहन होत नसतो, पाय शिशाचे झालेले असतात, आणि पहिले दोन दिवस बरा दिसणारा माणूस एकाएकी का खचला हे घरातील कोणालाच उमगत नसते. नाडीवर हात ठेवण्यापूर्वीच नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, ताकद येईल असं काही द्या." आणि आपल्यापैकी बहुतेकांचा हात आपोआप रसायनाच्या बरणीकडे वळतो. तो वळण्यापूर्वी या दिवसांचा विचार व्हावा, यासाठी हा लेख.

पूर्वी खेड्यातील कर्करुग्णास मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाखेरीज फारसा आसरा नव्हता. १९४१ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाच्या आधाराने राज्यभरचे रुग्ण महिनोन् महिने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत वा नाना पालकर स्मृती समितीच्या सेवासदनात राहत, आजही राहतात. परंतु आता जिल्ह्याच्या ठिकाणी केमोथेरपीची सोय झाली आहे. २०१२ साली राजीव गांधींच्या नावे सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालणाऱ्या आरोग्य योजनेमुळे तिचा खर्चही पुष्कळांच्या आवाक्यात आला. परिणामी रुग्ण सकाळी सलाईन घेऊन सायंकाळच्या एस.टी.ने गावी परततो. पुढचे अठरा-वीस दिवस तो घरी असतो आणि त्याच्या घराजवळचा चिकित्सक म्हणजे आपण असतो.

हे अठरा-वीस दिवस रुग्णास रिकामे वाटतात. औषध नाही, सलाईन नाही, काही चालले आहे असे दिसत नाही. वस्तुतः या काळातच रक्तपेशी पुन्हा घडतात, मुखातील व आतड्यातील त्वचा भरून येते. त्या वेळेवर भरल्या तर पुढील आवर्तन ठरल्या दिवशी होते, नाही तर पुढे ढकलावे लागते. आणि 'आता केमो नको, फक्त आयुर्वेद घेतो' हा निर्णय रुग्ण याच दिवसांत करतो. अशा वेळी 'सोडा, आम्ही पाहतो' असे म्हणणारा वैद्य स्वतःच्या शास्त्राची थोरवी सांगत नसतो, रुग्णाच्या आयुष्याचा जुगार खेळत असतो. प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचारांवर राहिलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सुमारे अडीच पट असल्याचे येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या नियतकालिकात मांडले. स्तनाच्या कर्करोगात तर ते पाच पटींहून अधिक होते. हा अभ्यास आपल्याकडचा नाही, पण त्यातून मिळणारा इशारा आपल्यालाही लागू आहे.

दिवसांचे गणित

एकवीस दिवसांच्या आवर्तनाला स्वतःची एक चाल असते आणि ती जाणणे हे वैद्याचे पहिले काम. वमन टाळण्यासाठी केमोथेरपीबरोबर बहुधा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस रुग्णास उसनी तरतरी असते, झोप मात्र येत नाही. ते औषध थांबले की चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस गळून जातो. पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत मुखपाकाची वेळ. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान श्वेतपेशी सर्वांत खाली असतात. तिसऱ्या आठवड्यात जिभेला चव परतते, पायात बळ येते, आणि तेवढ्यात पुढची तारीख येते. औषधाप्रमाणे या चालीत फरक पडतो. दर आठवड्यास दिल्या जाणाऱ्या पॅक्लिटॅक्सेलची तऱ्हा वेगळी, किरणोपचाराची आणखी वेगळी. तेथे थकवा आठवड्यागणिक साचत जातो व उपचार संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो.

हे गणित रुग्णास आधी सांगितले तर निम्मी भीती जाते. डॉक्सोरुबिसिन या लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, एवढे एक वाक्य न सांगितल्यामुळे रात्री अपरात्री रक्त पडले म्हणून धावपळ करणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

आम्ही यासाठी कालनिर्णय वापरतो. दुधाचे खाडे ज्या चौकटीत लिहितात त्याच चौकटीत रोज चार गोष्टी लिहावयास सांगतो : सकाळ-सायंकाळचा ताप, किती वेळा खाल्ले, किती चालले, झोप कशी लागली. वहीपेक्षा हे बरे. वही हरवते, भिंतीवरचे कालनिर्णय सर्वांच्या डोळ्यांसमोर राहते. ऊसपट्ट्यातील पन्नाशीच्या एका भगिनी स्तनाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या आवर्तनानंतर आमच्याकडे आल्या त्या मनाशी ठरवूनच : तिसऱ्याला जावयाचे नाही. "जरा बरं वाटायला लागलं की परत तेच," असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. त्यांच्या सुनेने दोन्ही महिन्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. दोन्ही खेपांना पाचवा ते नववा दिवस वाईट, आणि दोन्ही खेपांना बाराव्या दिवशी भाकरी खाल्ली असे लिहिलेले. आम्ही औषध दिले नाही, उपदेशही केला नाही. पाने शेजारी ठेवून चौकटी दाखवल्या. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे पाचच दिवस काढायचे." त्या तिसऱ्या आवर्तनाला गेल्या व पुढचीही त्यांनी पूर्ण केली.

अन्न

अग्नी मंदावलेला, कोष्ठ क्षुब्ध, धातू क्षीण. ही अवस्था पाहून आपणांस संशोधनोत्तर रुग्णाची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे, आणि संसर्जन क्रमाचे मर्म येथे खरोखर उपयोगी पडते. बारीक विस्तवावर एकदम मोठे लाकूड न ठेवता गवत, गोवरी असे करीत तो वाढवावा, तसा अग्नी पेया, विलेपी, यूष, मांसरस या क्रमाने वाढवावा, हे चरकाचार्यांचे सांगणे आपण पाठ केलेले आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी मळमळणाऱ्या रुग्णास साळीच्या लाह्यांचे पाणी, चौदा पट पाण्यातील पेया, मग चार पट पाण्यातील विलेपी, तीत चिमूटभर सैंधव व चमचाभर तूप, हे जितके सहज उतरते तितके डब्यातले महागडे पूरक अन्न पुष्कळदा उतरत नाही. आमच्याकडील घरांत याला पेज, मऊ भात म्हणतात आणि आजारी माणसास तो देणे कोणास शिकवावे लागत नाही.

परंतु उपमा ताणू नये. प्रवर शुद्धीनंतर प्रत्येक पायरीस तीन-तीन अन्नकाल देऊन सात दिवस चालणारा क्रम सबळ, शोधनार्ह रुग्णासाठी सांगितला आहे. कर्करुग्णास सात दिवस पेजेवर ठेवले तर त्याचे मांस झडते. आधुनिक पोषणतज्ज्ञ अशा रुग्णास वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज एक ते दीड ग्रॅम प्रथिने व पंचवीस ते तीस कॅलरी सांगतात. म्हणजे साठ किलोच्या माणसास साठ ते नव्वद ग्रॅम प्रथिने. तीस ग्रॅम मूगडाळीच्या कढणातून सुमारे सात, एका अंड्यातून सहा, कपभर दुधातून सहा-सात ग्रॅम मिळतात. बेरीज करून पाहिली की नुसत्या पेजेने काय होते ते कळते. म्हणून पेया-विलेपीची पायरी एखाद-दोन दिवसांत ओलांडून कृत यूषावर यावे, आणि मांसाहार चालणाऱ्या घरात मांसरस लवकर सुरू करावा. 'भूक नाही तर लंघन' हा आपला पहिला विचार येथे बाजूला ठेवला पाहिजे. ज्वरचिकित्सेतदेखील बलाला बाध येणार नाही एवढेच लंघन चरकास मान्य आहे. येथे तर बलक्षय हाच मुख्य शत्रू. भूक लागेल तेव्हा खा, हेही सांगू नये, कारण ती लागतच नाही. दर दोन तासांनी घड्याळाकडे पाहून चार घास, असे सांगावे.

चवीचा प्रश्न वेगळा. पुष्कळांना तोंडात पत्र्याची चव येते. स्टीलचा चमचा बदलून लाकडी किंवा चिनी मातीचा दिला तर काहींना बरे वाटते. मुखपाक नसेल तर आमसुलाचे सार, लिंबाची फोड चालते, असेल तर आंबट, तिखट पूर्ण वर्ज्य. मुखपाकात मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या चुळा दिवसातून चार-पाच वेळा, आणि बाजारातील मद्यार्कयुक्त माउथवॉश बंद. पित्त वाढले म्हणून थंड पदार्थ सुचविण्यापूर्वी औषधाचे नाव विचारावे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ऑक्सॅलिप्लॅटिन देतात. त्यानंतर काही दिवस थंड पाण्याच्या घोटाने घसा आवळल्यासारखा होतो, फ्रिजमधील भांडे धरताच बोटांत विजेसारख्या मुंग्या येतात. अशा रुग्णास गार सरबत सांगणे म्हणजे त्रास विकत देणे.

घरोघरी येणाऱ्या फुकट सल्ल्यांविषयी काय लिहावे! साखर बंद, दूध बंद, गव्हांकुराचा कच्चा रस, लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा. श्वेतपेशी खाली असताना कच्चा रस, मोड आलेली कच्ची कडधान्ये, न तापवलेले दूध, टपरीवरील चटणी हे सारे जंतुसंसर्गाचे दरवाजे आहेत. ताजे, शिजवलेले, गरम. एवढे पथ्य पुरे. वजन आठवड्यास एकदा त्याच काट्यावर करावे. महिनाभरात ते पाच टक्क्यांहून अधिक उतरले तर कर्करोगतज्ज्ञास कळविल्यावाचून राहू नये.

हात आवरण्याच्या जागा

ताप हा या काळातील सर्वांत धोक्याचा क्षण. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर रात्र असो वा सण, रुग्णाने त्याच वेळी रुग्णालय गाठले पाहिजे. श्वेतपेशी नसल्याने पू होत नाही, घसा लाल दिसत नाही, छाती स्वच्छ वाजते; पुष्कळदा ताप हेच संसर्गाचे एकमेव लक्षण असते आणि काही तासांत रुग्ण गंभीर होतो. त्रिभुवनकीर्तीची पुडी देऊन सकाळी पाहू म्हणणे, किंवा विचारल्याविना पॅरासिटॅमॉल देऊन ताप झाकणे, या दोन्हींनी माणूस दगावू शकतो. आम्ही प्रत्येक घरात पहिल्याच भेटीत तापमापक आहे का विचारतो. नसेल तर औषधाआधी तो घ्यावयास सांगतो.

बस्तीविषयी आपल्या मनात आदर आहे व मलावरोधाचा रुग्ण पाहून तिची आठवणही होते. परंतु श्वेतपेशी वा प्लेटलेट कमी असताना गुदमार्गाने बस्ती, वर्ती, अगदी तापमापकसुद्धा वर्ज्य समजावे. सूक्ष्म व्रणातून जंतू रक्तात जातात, रक्तस्राव होतो. शिवाय हा मलावरोध पुष्कळदा वातप्रकोपाइतकाच वमनरोधक ऑन्डनसेट्रॉनचा किंवा वेदनाशामक मॉर्फिनचा असतो. तेव्हा आधी गोळ्यांची पाकिटे पाहावीत. प्लेटलेट कमी असता मर्दन नको. काखेतील ग्रंथी काढलेल्या बाजूच्या हाताला जोर देऊन अभ्यंग नको. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी तळहात-तळपाय बधिर झाले असतील तर स्वेदन नको. गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेले रुग्णास समजतही नाही. किरणोपचार चालू असलेल्या त्वचेवर चंदनाचा लेपदेखील तेथील डॉक्टरांना विचारूनच.

पोटातील औषधांबद्दल आमचे मत काहींना कडक वाटेल. श्वेतपेशी खाली असण्याच्या दिवसांत न उकळलेली चूर्णे देऊ नयेत. त्रिकटू देताना लक्षात ठेवावे की पिप्पली व मरिचातील पिपेरीन अनेक औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते. ज्या गुणासाठी आपण तिला योगवाही म्हणतो, तोच गुण केमोथेरपीच्या मोजक्या मात्रेत विघ्न ठरू शकतो. सिस्प्लॅटिन वृक्कांवर भार टाकते, तेव्हा त्या काळात रसकल्प व भस्मे नकोत. गुळवेलीसंबंधी २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीचा मुद्दा काढून तिला आक्षेप घेतला. तो वाद ज्याने त्याने आपल्या बुद्धीने तोलावा, पण ज्याचे यकृत आधीच औषधांशी झुंजत आहे त्याच्यावर हा वाद तपासून पाहू नये. जे काही द्यावयाचे ते कर्करोगतज्ज्ञास चिठ्ठी लिहून, त्याच्या माहितीने. अशी चिठ्ठी लिहिण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. उत्तर येते, असा आमचा अनुभव आहे.

सोबत

मग वैद्याने द्यावयाचे तरी काय? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधरावा, उपकल्पनीय, अध्याय पुन्हा काढून वाचावा. रुग्णालय उभारताना काय काय सिद्ध असावे याची त्यात लांबलचक यादी आहे. उखळ-मुसळ आहे, दुभती गाय आहे, शय्या-आसने आहेत. आणि त्याच यादीत गाणे-वाजवणे जाणणारी, गोष्टी, इतिहास, पुराणे सांगण्यात कुशल, रुग्णाच्या मनातले ओळखणारी व काळवेळ जाणणारी माणसेही आहेत. परीक्षेसाठी आम्ही ती यादी घोकली तेव्हा हा भाग शोभेचा वाटला होता. कर्करुग्णांच्या घरी जाऊ लागल्यावर तो औषधी संभाराइतकाच आवश्यक आहे हे कळले. चिकित्सेच्या चार पादांत उपस्थाता हा एक संपूर्ण पाद आहे, आणि आपल्या केसपेपरवर त्याच्यासाठी एक ओळही नसते.

दुपारी दोन ते पाच हा सर्वांत लांब प्रहर. घरातली माणसे शेतावर, कामावर. रुग्ण पडून आढ्याकडे पाहतो. झोपावे तर रात्रीची झोप जाते. या थकव्याचे वैशिष्ट्य असे की तो नुसत्या विश्रांतीने जात नाही. थोडे थोडे चालणाऱ्यांचा थकवा पडून राहणाऱ्यांहून कमी होतो, याला आता भरपूर पुरावा आहे. पहिल्या दिवशी अंगणापर्यंत, मग वेशीपर्यंत, दहा-दहा मिनिटे दोनदा. धाप लागली की थांबावे. टाटा स्मारक रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांत योगाभ्यासाची मोठी चाचणी घेतली, तिच्यातही सौम्य आसने, मध्ये मध्ये विश्रांती व प्राणायाम यांवरच भर होता.

लक्ष लागत नाही, वाचलेले उरत नाही, अशी तक्रार पुष्कळजण करतात. औषधांनी असे होते व बहुतेकांत ते हळूहळू निवळते, हे सांगावे. अशांना पुस्तक हाती देण्यापेक्षा कोणी वर्तमानपत्र वाचून दाखवावे. डाळ निवडणे, मटार सोलणे, वाती वळणे ही बसल्या जागची कामे काढून घेऊ नयेत. घरचे लोक प्रेमाने सारे हातातून घेतात आणि माणूस आपण निकामी झालो असे समजू लागतो.

भेटीस येणाऱ्यांचे मात्र वेळापत्रक असावे. गावात आजाऱ्यास पाहावयास जाणे हा धर्म मानतात, पण दुसऱ्या आठवड्यात सर्दी झालेला पाहुणा संसर्ग देऊन जातो, आणि कोणी कोणी तर अमक्याचेही असेच झाले होते म्हणत एका मृत्यूची हकिकत सांगून जातो. आम्ही घरच्यांना सांगतो की आजाराविषयी न बोलणारा एकच माणूस रोज ठरल्या वेळी येऊ द्या. भजनी मंडळातील मित्र असेल, जुनी शेजारीण असेल. केस साधारण दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. त्या दिवशी तरी अशी सोबत हवी. उदासी सलग दोन आठवडे उतरली नाही किंवा जगणे नको असे बोलणे निघाले, तर सत्त्वावजय म्हणून स्वतःच प्रयोग करीत न बसता मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. आणि रात्र-रात्र जागणाऱ्या सुनेची वा पतीची नाडीही अधूनमधून पाहावी.

औषधालयांच्या मालकांसाठी

केमोथेरपी चालू असल्याचे गिऱ्हाईक आपणहून सांगत नाही. शक्तिवर्धक मागणाऱ्यास 'सध्या कोणता उपचार चालू आहे?' एवढे विचारण्याची सवय काउंटरवरील मुलास लावता येते. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने निषिद्ध आहे. कंपनीने पाठविलेले असे पत्रक भिंतीवर लावणाऱ्यालाही तो कायदा सोडत नाही. विषद्रव्ययुक्त कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापलेली असते, ती गिऱ्हाइकास वाचून दाखवावी. लाह्या, सैंधव, चांगले तूप, तापमापक यांतही विक्री आहे.

आमच्या गावातील एका औषधालयाच्या मालकांनी काउंटरवर एक छोटे छापील कार्ड ठेवले आहे. एका बाजूस रुग्णाने आपल्या केमोथेरपीचे औषध, तारीख व रुग्णालयाचा रात्रीचा दूरध्वनी लिहावयाचा; दुसऱ्या बाजूस तापाचा आकडा मोठ्या अक्षरांत. रसायन मागणाऱ्यास ते हे कार्ड देतात आणि शेवटच्या आवर्तनानंतर रक्ततपासणी पूर्ववत झाली की तज्ज्ञांच्या अनुमतीने यावे, असे सांगतात. च्यवनप्राशाची बरणी ते त्याच दिवशी काढून देतात; काहीजण ती न्यावयास पाच-सहा महिन्यांनी येतात, आणि येताना कार्ड बरोबर आणतात.